सूचना : जानेवारीतील लेह सहल

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी संध्याकाळी सात वाजता राजवाड्याजवळ नेहमीच्या जागी बैठक आहे. येताना आधारकार्डाची प्रत आणावी.

आपण रोज अजिंक्यतारा चढतो, म्हणून लेह सहज जमेल असं कृपया कोणी धरून चालू नये. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. विमानाने थेट उतरणार असल्याने पहिले दोन दिवस फक्त विश्रांती, भरपूर पाणी. बाजारातसुद्धा फिरायचं नाही. पँगाँग सरोवर त्यानंतरच. डोकं दुखलं, मळमळलं तर लपवू नका, लगेच सांगा. बीपी, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये, ही कळकळीची विनंती.

रात्री पारा उणे पंधरापर्यंत उतरतो, नळ गोठतात, अंघोळीला बादलीभर गरम पाणी मिळालं तरी पुष्कळ. महाबळेश्वरचा स्वेटर पुरणार नाही. आतून थर्मल, वरून जाड जाकीट, लोकरीचे मोजे दोन जोड. आपलं इथलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. हवामानामुळे विमानं रद्द होतात, तेव्हा परतीनंतरचा एक दिवस मोकळा ठेवा.