स्मूदीची कृती छापताना माप छापा, मध वगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फळे आणि मसाले घालून केलेल्या स्मूदीच्या कृती आता बहुतेक मराठी दैनिकांच्या पुरवण्यांत येतात. त्या यायलाच हव्यात. सकाळी घाईघाईने घर सोडणाऱ्याच्या पोटात चहा-बिस्किटाऐवजी फळ आणि दही जात असेल तर चांगलेच आहे. तक्रार आहे ती कृती लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. ‘दोन केळी, एक आंबा, दोन मोठे चमचे मध, चिमूटभर दालचिनी, सगळे मिक्सरमधून फिरवा’ एवढ्यावर काम भागते. केळे केवढे, दालचिनी कोणती, भांड्यात आधी काय घालायचे, किती वेळ फिरवायचे, यांतले काहीच नसते आणि मथळ्यात मात्र ‘आरोग्यदायी’ हा शब्द ठळक असतो.

वरच्या कृतीतल्या साखरेचा हिशोब मांडून पाहा. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यात साधारण १२ ग्रॅम साखर असते, म्हणजे दोन केळ्यांची २४. मध्यम आंब्याच्या दीडशे ग्रॅम गराची वीसेक ग्रॅम. मोठा चमचाभर मध सुमारे २० ग्रॅम भरतो आणि त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग साखरच असते, म्हणजे दोन चमच्यांची ३२. एका पेल्यात पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास साखर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त साखरेची, म्हणजे वरून घातलेल्या साखरेची आणि मध, पाक, फळांचा रस यांतल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत सांगितली आणि ती ५ टक्क्यांच्या खाली असणे अधिक चांगले, असे म्हटले. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. मध मुक्त साखरेतच धरला जातो. म्हणजे फळांना हात लावण्याआधीच निव्वळ मधाने ती मर्यादा ओलांडली. ‘साखर नाही, मध घातला आहे’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ उरत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की घरच्या स्मूदीत मसाल्याने साखरेची जागा घ्यावी. तो साखरेच्या जोडीला घालायचा नाही आणि औषध म्हणून तर नाहीच. वेलची, जायफळ, दालचिनी यांचा वास आपल्या नाकाला श्रीखंड, पुरणपोळी, बासुंदी यांच्याबरोबर ओळखीचा झालेला आहे. तो वास आला की तेच फळ जिभेला अधिक गोड लागते. हा परिणाम चांगला वापरला तर पिकलेल्या केळ्याच्या पेल्यात वरून कणभरही गोड घालावे लागत नाही.

एका माणसाची एक नेमकी कृती देते. सालीवर तपकिरी ठिपके आलेले एक मध्यम केळे, सोलून १०० ग्रॅम. वेलची केळी असतील तर दोन-तीन. साधे, आंबट न झालेले दही १०० ग्रॅम, पाणी ६० ते ७० मिलिलिटर, रात्रभर भिजवून सोललेले पाच-सहा बदाम. मसाल्यांत एका वेलचीचे दाणे, दालचिनीची पूड पाव चहाचा चमचा, तीही सपाट, आणि किसणीवर दोन-तीनदा घासलेले जायफळ. शिवाय मिठाचे चार कण. मिठाने कडवटपणा दबतो आणि गोडी उठून येते, त्यामुळे ते विसरू नये. पेला साधारण अडीचशे मिलिलिटरचा होतो. चमचा म्हणजे मापाचा, पाच मिलिलिटरचा. घरातले चमचे तीनपासून आठ मिलिलिटरपर्यंत काहीही असतात आणि मसाल्याच्या बाबतीत तेवढ्या फरकाने सगळा पेला बिघडतो. केळे हिरवट असेल तर स्टार्चमुळे पीठकट लागते, तोंड तुरट होते आणि मग मधाची आठवण होतेच. फळ पिकण्याची वाट पाहणे, हाच यावरचा उपाय.

वेलचीचे चार दाणे मोठ्या भांड्यात कधीच बारीक होत नाहीत, पात्यांखालून फिरत राहतात आणि शेवटी दाताखाली येतात. मिठाई करताना आपण ते साखरेबरोबर कुटतो, इथे ते मिठाच्या त्या चार कणांबरोबर खलबत्त्यात कुटावेत. दालचिनीचा तुकडाही सबंध टाकू नये. तव्यावर जरा कोमट करून, वेगळी पूड करून, चाळून घ्यावी. ही पूड पंधरा दिवस पुरेल एवढीच करावी, त्यानंतर वास उतरतो आणि माणूस हात सैल सोडतो.

मिक्सरकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवे, कारण बहुतेक पेले तिथेच बिघडतात. आपल्या घरचे मिक्सर ५०० ते ७५० वॅटचे, मुळात चटणी-वाटणासाठी बनवलेले. त्यांची पाती तळाशी असतात. गोठवलेले फळ आधी टाकले तर ते पात्यांभोवती अडकते, मध्ये हवेची पोकळी होते आणि पाती नुसतीच घरघरतात. म्हणून आधी पाणी आणि दही, मग बदाम आणि मसाले, मग मऊ फळ आणि गोठवलेले तुकडे सगळ्यांत शेवटी. बदाम असतील तर पहिल्या तीन जिन्नसांचेच अर्धा मिनिट वाटण करून घ्यावे, फळ नंतर घालावे. भांडे दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. पहिल्या वेगावर पंधरा-वीस सेकंद, तिसऱ्यावर तीस ते चाळीस सेकंद, एवढे पुरते. दोन-तीन मिनिटे फिरवत राहिले तर स्मूदी कोमट होते, हवा शिरून फेस चढतो आणि थोड्या वेळात खाली पाणी व वर चोथा असे दोन थर दिसतात. मध्येच मिक्सर बंद पडला तर तो जळालाच असे समजू नये. भार जास्त झाला की बुडाशी असलेले लाल बटण उडते. दहा मिनिटे थंड होऊ द्यावे, भांड्यातले थोडे काढावे आणि बटण दाबून पुन्हा सुरू करावे. बर्फाचे खडे साध्या भांड्यात टाकूच नयेत. पाती बोथट होतात, भांड्याखालचा, पात्यांना मोटरशी जोडणारा कपलर तुटतो आणि बर्फ वितळून चव पातळ होते. थंडावा हवा असेल तर फळच गोठवावे: केळे सोलून दोन सेंटिमीटरच्या चकत्या, त्यांना लिंबाचा हलका हात, ताटलीत सुट्या मांडून तीन-चार तास फ्रीझरमध्ये आणि मग पिशवीत. साल न काढता गोठवलेले केळे नंतर सोलता सोलत नाही. महिन्याभरात संपवावे, आणि बराच वेळ वीज जाऊन तुकडे वितळले असतील तर ते पुन्हा गोठवू नयेत.

‘दुधात फळ घातले की नासते’ हे सरसकट खरे नाही, पण त्यामागे दोन वेगळी कारणे आहेत आणि कृती लिहिणारे ती एकत्र करतात. पहिले कारण आंबटपणा. संत्रे, कोकम, आवळा, आंबटसर स्ट्रॉबेरी दुधात पडली की आम्लामुळे लगेच गुठळ्या होतात. दही आधीच विरजलेले असल्यामुळे त्यात ही अडचण नाही. आंबट फळांना दूध नको, दही घ्या. दुसरे कारण एन्झाइम, आणि ते दह्यालाही सोडत नाही. अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन आणि ताज्या आल्यात झिंजिबेन असते. ही सगळी एन्झाइम दूध-दह्यातली प्रथिने तोडतात आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. म्हणून अननस-दह्याची स्मूदी पहिल्या घोटाला छान लागते आणि अर्ध्या तासाने कडू होते. पपई पूर्ण पिकलेली असेल तर पपेन खूपच कमी असते, तरी ती करून ठेवू नये. अननस दह्याबरोबरच हवा असेल तर त्याच्या फोडी वाफ येईपर्यंत दोन-तीन मिनिटे गरम करून गार कराव्यात. उष्णतेने एन्झाइम निकामी होते, थोडे क जीवनसत्त्व जाते. आल्याऐवजी सुंठ घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

मला स्वतःला अननसाला दुग्धजन्य काही न लावणेच पटते. अननस १०० ग्रॅम, गाजर ४० ग्रॅम, भिजवलेले चार काजू, आले ५ ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे, हळद चमच्याचा आठवा भाग, ताजे कुटलेले दोन मिरे, किंचित सैंधव आणि १०० मिलिलिटर पाणी. गाजर आणि काजू पाण्याबरोबर आधी बारीक करून घ्यावेत, नाहीतर चोथा लागतो. गाळू मात्र नये, गाळले की तंतू गेले आणि रस उरला. हळद कोरडी भुरभुरवली तर कच्चट वास येतो आणि ती पाण्यात नीट मिसळतही नाही. पळीत पाव चमचा तूप कोमट करून त्यात दहा सेकंद हळद परतावी, गॅस बंद करून मग घालावी.

हळद-मिरीचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दलच्या दाव्यांविषयीही लिहायला हवे. मिरीतल्या पायपरीनमुळे हळदीतले कर्क्युमिन शरीरात अधिक शोषले जाते, हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले आणि ‘२००० टक्के’ हा आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतो. त्या प्रयोगात माणसांना दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले होते. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते, म्हणजे दोन ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. आपल्या पेल्यात पडते ते दहा-बारा मिलिग्रॅम. सांगलीची असो की वायगावची, हळद चवीसाठी आणि रंगासाठी जरूर घाला. पण ‘सूज उतरवणारी स्मूदी’ असे छापू नका. आजारी वाचक त्यावर विश्वास ठेवतो.

दालचिनीच्या बाबतीत माप हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. बाजारात जाड, कडक, एकाच सालीची गुंडाळी मिळते ती बहुधा कॅसिया, म्हणजे दालचिनीच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडाची साल. खरी दालचिनी पातळ, अनेक पापुद्र्यांची आणि बोटाने मोडणारी असते. कॅसियात कुमरिन नावाचे द्रव्य बरेच असते आणि रोज जास्त घेतल्यास संवेदनशील माणसांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने कुमरिनची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. रोज चमचाभर, म्हणजे अडीच ग्रॅम कॅसिया पोटात गेली तर साठ किलोच्या माणसाची ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. रोजच पिणार असाल तर खरी दालचिनी शोधा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात त्यातलीच आहे आणि कोकणातल्या मसाल्याच्या बागांतून ती मिळते. दालचिनीची पूड भिजली की बुळबुळीत होते. रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलेली स्मूदी सकाळी तारा सुटल्यासारखी दिसते ती यामुळे. ती नासलेली असतेच असे नाही, पण प्यावीशी वाटत नाही. जायफळाचेही तसेच, घासणे दोन-तीनदाच. काही ग्रॅम पोटात गेले तर उलट्या, धडधड आणि भ्रम होतो.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत किंवा जांभळात दाटपणासाठी केळे घालण्याची पद्धत आहे, ती मी सोडायला सांगेन. केळे काळे पाडणारे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम या फळांतल्या फ्लॅव्हॅनॉल नावाच्या उपयुक्त घटकांनाही खाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केळ्याच्या स्मूदीबरोबर रक्तात पोहोचणारे फ्लॅव्हॅनॉल ८४ टक्क्यांनी घटलेले दिसले. दाटपणाला चक्का किंवा भिजवलेले काजू घ्यावेत. चिकू पूर्ण मऊ झाल्याशिवाय वापरू नये, चिकाने घसा खवखवतो. सीताफळाचा गर चाळणीवर हाताने घासून काढावा, कारण त्याच्या बिया विषारी आहेत आणि मिक्सरमध्ये एकही भरडली जाता कामा नये. पेरूच्या बिया अर्धवट वाटल्या जाऊन रवाळ लागतात. तिथे गाळणे क्षम्य आहे, आणि त्याला भाजलेल्या जिऱ्याची पूड व पादेलोण छान लागते.

केल्यापासून अर्ध्या तासात प्यावी. ठेवायचीच तर काठोकाठ भरलेल्या बाटलीत, फ्रीजमध्ये, चोवीस तासांच्या आत. दह्याची स्मूदी मुलांच्या डब्याबरोबर एप्रिल-मेमध्ये देऊ नये. त्या उष्म्यात दोन तासांपुढे ती सुरक्षित नसते.

प्रमाण दिवसाला एक पेला, आणि तोही नाश्ता म्हणून, पोहे खाऊन झाल्यावर वरून नव्हे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा तर रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच सांगते. मधुमेह असणाऱ्यांनी अर्धे केळे घ्यावे, बदाम दहापर्यंत वाढवावेत आणि दोन तासांनी साखर तपासून ते आपल्याला मानवते का ते ठरवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हळद, आले, दालचिनी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. एक वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांना केळ्यातले पोटॅशियम त्रासदायक ठरू शकते, आणि कमरख हे फळ तर त्यांच्यासाठी अक्षरशः विष आहे, त्याने उचकी, भ्रम आणि झटके येऊन जीव गेल्याच्या नोंदी आहेत. कमरखाच्या सरबताची किंवा स्मूदीची कृती आपण छापाल तेव्हा ही सूचना त्याच चौकटीत, कृतीच्या वर छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, सांगली