गेल्या वर्षीचा मसाला नव्यात मिसळू नका

महोदय,

उन्हाळा लागला, की घरोघरी मिरच्या वाळवणे, धने भाजणे आणि डंकावर नंबर लावणे सुरू होते. वर्षाची बेगमी एकदाच करण्याची ही पद्धत मोठ्या कुटुंबांत रुजली. आज तीन-चार माणसांच्या घरात तेवढाच मसाला केला, तर वर्ष सरले तरी तो उरतो आणि टाकवत नाही म्हणून नव्या मसाल्यात मिसळला जातो. ही सवय आपण सोडली पाहिजे, असे मला आग्रहाने मांडायचे आहे.

गोड्या मसाल्यात धन्यांच्या जोडीला तीळ आणि सुके खोबरे असते. या दोहोंत तेल भरपूर असल्याने भाजून कुटल्यावर त्याला हवा लागते आणि काही महिन्यांत ते खवट होऊ लागते. असा चमचाभर मसाला आमटीत पडला, की गूळ आणि आमसूल कितीही बेताचे असले, तरी जिभेवर मागाहून रेंगाळतो तो खवटपणाच. शिवाय खवट तेलाच्या संगतीने नवा मसालाही लवकर बिघडतो, म्हणजे काटकसर करताना दोन्ही वाया जातात.

इतर मसाल्यांचे दुखणे वेगळे आहे. लवंग, वेलची, जिरे यांचा गंध त्यांच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. अखंड दाण्यात ते बरेच टिकते, पूड केली की झपाट्याने कमी होते. वास येत नाही म्हणून दोनऐवजी चार चमचे घातले जातात, रस्सा कडवट आणि पिठूळ होतो, आणि दोष मात्र करणाऱ्याच्या हाताला लागतो. कसुरी मेथीही तपकिरी पडली, की तिच्यात कडूपणाच उरतो.

मिरचीला किंवा धन्यांना बुरशी लागली असेल, तर प्रश्न चवीपुरता राहत नाही. काही बुरशींमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते रोजच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. असा माल ऊन दाखवून पुन्हा वापरू नये.

धने, जिरे, दालचिनी अखंड साठवावे, मसाला दोन-तीन महिन्यांपुरताच कुटावा आणि बरणीवर तारीख चिकटवावी. गॅसच्या वरच्या फळीवर तर ती बरणी ठेवूच नये, कारण तिथली ऊब आणि वाफ मसाल्याला फार बाधते. हिंगाचे खडे घालण्याची जुनी रीत किडींपासून राखण्यासाठी आहे. गेलेला वास त्याने परत येत नाही.

अर्थात, थोडा मसाला कुटून द्यायला काही डंकवाले तयार नसतात आणि लोक नाइलाजाने जास्त करतात. त्यांनी अर्धा किलोचेही काम घ्यावे. आपल्या दैनिकानेही साठवणीच्या मसाल्यांच्या कृती छापताना, प्रमाणासोबत तो मसाला किती महिन्यांत संपवावा हे आवर्जून द्यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे