अंगठा पुरेना म्हणून

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पिक्चर कसा वाटला असं तू विचारलंस आणि मी अंगठा पाठवला. लगेच तुझा फोन, "आई, एवढंच?" अगं, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, चष्मा फ्रिजवर राहिला होता आणि मोबाईलवर दोन ओळी लिहायला मला पाव तास लागतो. सगळी नोकरी कागदावर टिपण्या लिहिण्यात गेली, तर मत मांडायचं ते कागदावरच. जुन्या वहीची कोरी पानं काढून बसले आहे. बाबा जत्रेला गेलेत, म्हणजे पहाटेपर्यंत घर माझं.

आधी 'थ्री ऑफ अस'. बाबांनी अर्धा पिक्चर "हो आपलो रस्तो, थयसून उजवीकडे वळला की बंदर" करण्यात घालवला, त्यामुळे मी दुसऱ्या दिवशी एकटीने पुन्हा पाहिला. दुसऱ्यांदा जास्त आवडला. शेफाली शहा काही करत नाही असं वाटतं आणि तिथेच ती धरून ठेवते. शैलजाला विसरण्याचा आजार लागलाय, सगळं पुसून जायच्या आधी लहानपणीचं वेंगुर्ला एकदा बघून घ्यायचंय. नवरा मुकाट्याने सोबत येतो. शाळासोबती प्रदीप आता बँकेत साहेब आहे. कुणी रडारड करत नाही, आरडाओरडा नाही, आपल्याकडच्या मालिकेत असता तर पहिल्या भेटीलाच वीज कडाडली असती.

तू फोनवर प्रदीपचं काम करणाऱ्या जयदीप अहलावतच्या डोळ्यांचं कौतुक केलंस. बरोबर आहे, भरतकाम करणारा एवढा धिप्पाड माणूस मीही कधी पाहिला नव्हता. पण मी बघत होते ती त्याची बायको. कादंबरी कदम. नवऱ्याची बालमैत्रीण इतक्या वर्षांनी दारात येते, नवरा एकदम कविता करायला लागतो, आणि ही त्याची चेष्टा करते. आतून काय होत असेल ते चेष्टेत थोडंसंच दिसू देते. गीतांजली कुलकर्णी अशीच, कुठेही टाक, तिथलीच वाटते. 'कोर्ट'मध्ये ती सरकारी वकील होती. आरोपीला चिरडणारी कलमं एकसुरात वाचायची, मग लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागायची. 'गुल्लक'मध्ये मिश्रांच्या घरची आई. ते हिंदी घर आहे, पण वीजबिलावरून भांडण आपल्यासारखंच.

तर माझं म्हणणं त्या बायकोवरून सुरू होतं. शैलजा येते, आठवणी गोळा करते आणि जाते. आकाशपाळण्यात बसून ती आणि प्रदीप बोलतात, तो प्रसंग सुंदर आहे, पण पाळणा उतरल्यावर घरी भांडी घासायला कोण आहे? हल्ली आपल्या कोकणावर जे जे चांगले पिक्चर निघतात त्यांत कुणीतरी बाहेरून येतं, समुद्राकडे बघतं, हलकं होतं आणि परत जातं. आणि आम्ही? आम्ही दार उघडतो, चहा ठेवतो. आमच्यातल्या एखादीला समुद्राकडे बघून काही वाटत असेल का, हे विचारायला अजून कॅमेरा आलेला नाही. (मला वाटतं. पण जून ते ऑगस्ट त्या खाऱ्या हवेने कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात, तेही वाटतं.)

आणि इतकं सलग हिंदी वेंगुर्ल्यात कोण बोलतं गो? पर्यटकाशी बोलताना ठीक. एरवी आमचा घसा "खंय चललंस?" यावरच उघडतो. या बाबतीत 'रात्रीस खेळ चाले'ला मी मानते. 2016 साली ती मालिका आली तेव्हा भुताखेतांच्या नावाने कोकणाची बदनामी म्हणून लोकांनी बोंब केली होती. त्यात मीही होते. पण रोज रात्री मालवणी ऐकायला मिळते म्हणून बघायचेसुद्धा. मग आकेरीच्या त्या वाड्यापुढे फोटो काढायला गाड्यांची रांग लागली, आणि मुंबईची पोरं त्यातल्या विसरभोळ्या पांडूसारखी "इसारलंय", म्हणजे विसरलो, म्हणायला लागली.

इसारलंयवरून एक सरळ विचारते. हाच पिक्चर मला का बघायला लावलास? गणपतीत मी उसळीत दोनदा मीठ घातलं आणि शेजारच्या सुनेला तिच्या जावेच्या नावाने हाक मारली, तेव्हा तू बाबांकडे बघितलंस. ते मी बघितलं. सांगणार नव्हते, पण तू असे पिक्चर सुचवत बसणार असशील तर सांगून टाकते: मागच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून आले. त्यांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं. मग म्हणाले, शंभरातून सात वजा करत चला. मी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत दोनपर्यंत उतरले, त्यांनी पासष्टलाच थांबवलं होतं तरी. लेखा शाखेतल्या बाईला वजाबाकी विचारतात! रक्तात बी-बारा कमी निघालं. इंजेक्शनं चालू आहेत. चार महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. एवढंच आहे, याहून जास्त असतं तर ते अंगठ्याने कळवलं नसतं.

'थ्री ऑफ अस'च्याच दिग्दर्शकाचा 'किल्ला' आठवतो? 2015 मध्ये तू मला पुण्यात थेटरात नेलं होतंस. बदली होऊन कोकणात आलेली सरकारी नोकरीतली आई आणि तिच्यावर रुसलेला अकरा वर्षांचा मुलगा. मित्र त्याला भर पावसात किल्ल्यावर सोडून पळतात, तिथे तू माझा हात धरला होतास. मला मात्र ऑफिसातला प्रसंग जास्त लागला, साहेब फाईल पुढे सरकवतो आणि सही कर म्हणतो तो. आपली देवगडला बदली झाली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस आणि महिनाभर माझ्याशी धड बोलली नाहीस. तुला वाटायचं, मी मुद्दाम तुला मैत्रिणींपासून तोडलं. अशीच एक सही मी केली नव्हती, म्हणून ती बदली होती. तुला कधी सांगितलं नाही. थेटरात सांगावंसं वाटलं, पण मध्यंतरात तू पॉपकॉर्न आणायला गेलीस आणि राहून गेलं.

'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' तू म्हणालीस म्हणून बघितला. कानच्या महोत्सवात एवढं मोठं बक्षीस, मला वाटलं डोक्यावरून जाणार. पहिला तास मल्याळम ऐकण्यात आणि खालची अक्षरं वाचण्यात गेला. त्या नर्सच्या परदेशातल्या नवऱ्याकडून चिठ्ठी नाही, फोन नाही, नुसता भात शिजवायचा कुकर येतो, आणि ती रात्री जमिनीवर बसून त्याला मिठी मारते. तिथे मी टीव्ही थांबवून पाणी पिऊन आले.

पण माझी खरी ओळख पटली ती छाया कदमच्या पार्वतीशी. नवरा गिरणीत होता, तो गेला, खोली पाडायला बिल्डर आलाय आणि राहत्या जागेचा एक कागद तिच्या हातात नाही. ज्या शहराला उभी हयात दिली तिथे ती राहत होती हे सिद्ध करता येत नाही. मग ती गाशा गुंडाळून रत्नागिरीकडच्या गावी येते. आपल्या वाडीत अशा दोघी आहेत, तुला माहीत आहेत. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात त्यांचं कौतुक होतं, कायमचं परत आलेल्या बाईला मात्र सगळे "किती दिवस आहेस?" विचारत राहतात. 'लापता लेडीज'मधल्या स्टेशनवरच्या चहावाल्या मावशीच्या कामाने छाया कदम सगळ्यांना माहीत झाली, पण मला ही पार्वती जास्त खरी वाटली. गावच्या घरात दारूची बाटली सापडते आणि ती नाचते, ते बघून बाबा म्हणाले, "ह्या काय?" मी म्हटलं, "सुटका."

'दशावतार' थेटरात बघितला, बाबांच्या हट्टाने. दिलीप प्रभावळकर म्हणजे तुझे टिपऱ्यांचे आबा. वय एक्क्याऐंशी, आणि रंग फासून, मुकुट चढवून काय उभे राहतात! पूर्वार्ध मला मनापासून आवडला: नजर जात चाललेला बाबुली मेस्त्री आणि त्याने आता रंगमंच सोडावा म्हणणारा मुलगा. इथे निदान गोष्ट राहणाऱ्याची आहे, बाहेरून येणाऱ्याची नाही, म्हणून मी खूश होते. मग ती सूडाकडे वळली आणि माझं मन थोडं उतरलं. बाबांची तक्रार वेगळीच. त्यांच्या मते जत्रेत रात्रभर चालणाऱ्या खऱ्या दशावतारात संकासुर लोकांची टिंगल करत वेळ काढतो, राजे पायपेटीवाल्याकडे बघून आयत्या वेळी संवाद जुळवतात, लुगडं नेसलेला पुरुष पहाटे बिडी ओढताना दिसतो. "एवढ्या घाईत खंयचो दशावतार?" असं म्हणत ते बाहेर पडले, पण डोळे पुसत होते.

जत्रा आता सुरू झाल्यात. डिसेंबरात रजा मिळाली तर ये. स्वेटर आण, पहाटे दव पडतं. मोबाईलवर शूटिंग करणार असशील तर माझ्या शेजारी बसू नकोस.

आणि हो, टीव्हीवर पुन्हा पासवर्ड मागतोय. तू सांगितलेला मी नीट लिहून ठेवला होता. कुठे, ते इसारलंय.

तुझी,
आई