दर दोन मिनिटांनी

आदरणीय डॉ. योहानेस उलरिख,
स. न. वि. वि.

सायबर सुरक्षेवरच्या तुमच्या पॉडकास्टमध्ये तारीख, स्वतःचं नाव आणि आज कुठल्या गावाहून बोलताय, एवढं सांगून तुम्ही थेट मुद्द्यावर येता. ते गाव बहुतेक वेळा फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल असतं. मी ऐकते तेव्हा आमची कंपनीची बस द्वारका सर्कल ओलांडून अंबड एमआयडीसीकडे निघालेली असते. पाच-दहा मिनिटांत ‘स्टॉर्मकास्ट’ संपतो, आणि तेवढ्यात आज कुठला पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली फट बुजवणारी दुरुस्ती, आधी लावायचा हे माझं ठरतं. कंपनीचं नेटवर्क मी एकटीच सांभाळते. अडलं तर विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नाही. ती जागा तुम्ही भरून काढलीत, म्हणून हे पत्र.

तुमचा २०१७ सालचा डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीचा) प्रयोग मी आजवर कितीजणांना सांगितला असेल! कॅमेरे, राउटर अशा उपकरणांत शिरणाऱ्या मीराय या घातक प्रोग्रामनं, म्हणजे मालवेअरनं, २०१६ मध्ये धुमाकूळ घातला, मग वर्षभरात लोक विसरूनही गेले. तुम्ही सीसीटीव्हीचा एक साधा डीव्हीआर कारखान्यातून आलेल्या पासवर्डसकट इंटरनेटला जोडलात. मीराय नुसतं मेमरीत राहतं, रीबूट झालं की पुसलं जातं. म्हणून दर पाच मिनिटांनी तो बंद-चालू होईल अशी सोय केलीत आणि जवळपास दोन दिवस नोंदी घेतल्यात. बरोबर पासवर्ड टाकून कोणीतरी आत शिरत होतं, साधारण दर दोन मिनिटांनी. भौतिकशास्त्रात पीएचडी केलेला माणूस मोजल्याशिवाय बोलत नाही, हे मला तिथं कळलं.

ते वाचल्यावर पहिल्याच रविवारी मी आमच्या सोसायटीच्या वॉचमन केबिनमध्ये गेले. लोखंडी कपाटावर धुळीनं माखलेला डीव्हीआर, त्यावर स्टिकर, आणि स्टिकरवर बॉलपेननं लिहिलेला तोच फॅक्टरीचा पासवर्ड. चेअरमन काकांना मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून बसवणाऱ्यानं राउटरचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, सताड उघडं ठेवलेलं. “इतके दिवस चाललंय की व्यवस्थित,” काका म्हणाले. मी तुमचा आकडा सांगितला. काकांनी मुकाट्यानं खुर्ची ओढली, दोन चहा मागवले आणि पोर्ट बंद होऊन पासवर्ड बदलेपर्यंत माझ्या शेजारून हलले नाहीत. भीती घालून हे झालं नसतं. आकड्यानं झालं.

जगभरच्या लोकांकडून हल्ल्यांच्या नोंदी गोळा करणारं ‘डीशील्ड’ तुम्ही २००० साली सुरू केलंत, त्याचं मोल मला फार उशिरा उमगलं. एकट्याच्या फायरवॉलच्या (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीच्या) लॉगमधली एक ओळ काहीच सांगत नाही. जगभरच्या ओळी शेजारीशेजारी ठेवल्या की वादळ कुठून येतंय ते दिसतं. २२ मार्च २००१ ला पोर्ट ५३ वर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या दारावर, अचानक धडका वाढल्या. विश्लेषकांनी सगळ्यांना आपापली मशीन तपासायला सांगितली आणि तीन तासांच्या आत नेदरलँड्समधल्या एका सिस्टम ॲडमिननं आपल्या बाधित मशीनमधली ‘लायन’ वर्मची, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामची, प्रत पाठवून दिली. धडका दिसल्यापासून चौदा तासांत दोन लाख लोकांना इशारा गेला होता. इंटरनेटवरच्या हल्ल्यांवर नजर ठेवणारं तुमचं इंटरनेट स्टॉर्म सेंटर उभं राहिलं ते यातूनच.

या सगळ्यात मला तो नेदरलँड्सचा माणूस सर्वांत जवळचा वाटतो. आमच्या क्षेत्रात आपल्याकडे काही बिघडलं की आधी झाकायची सवय. मीही झाकलं आहे, आणि त्याचा त्रास दुसऱ्यांना झालेला पाहिला आहे. ‘माझ्याकडे शिरलंय, हे बघा’ असं बिनधास्त सांगता येईल अशी जागा तुम्ही आणि सॅन्स या सायबर सुरक्षा प्रशिक्षण संस्थेतल्या तुमच्या सहकाऱ्यांनी इतकी वर्षं राखलीत. आपापली नोकरी सांभाळून पाळीपाळीनं तिथली ड्युटी करणाऱ्या, डायरी लिहिणाऱ्या सगळ्या स्वयंसेवकांनाही माझा नमस्कार पोहोचवा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी रास्पबेरी पाय या एका छोट्याशा संगणकावर तुमचा हनीपॉट, म्हणजे हल्लेखोरांना भुलवून त्यांच्या नोंदी घेणारा सापळा, बसवला. फ्रिजवर, राउटरच्या शेजारी ठेवलाय. रात्री पाणी प्यायला उठले की त्याचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. ‘रूट’ या सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या नावानं कोणीतरी दार ठोठावत असतं. ती नोंद आता तुमच्याकडे येते. इतकी वर्षं नुसतं घेत आले, आता रोज थोडं धाडते आहे.

मनापासून आभार, सर.

आपली,
एक नेटवर्क ॲडमिन, नाशिक