जोक लिहिणाऱ्याला गडी करून टाकलंत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘फनी पीपल’ या हॉलिवूडपटावरचा लेख वाचला. नायकाचं आजारपण आलं, जुनी प्रेयसी आली, 146 मिनिटांच्या लांबीबद्दल कुरकुरही आली. सेथ रोगनच्या आयराला मात्र ‘मदतनीस’ म्हणून एका ओळीत उरकलंत. अहो, तो पगारी जोक-लेखक आहे! नायक जॉर्ज, म्हणजे बडा विनोदी स्टार (अ‍ॅडम सँडलर), त्याला पुढे वाट्टेल ती कामं सांगतो, पण पहिला फोन करतो तो एका कंपनीच्या कार्यक्रमासाठी विनोद लिहून हवेत म्हणून. तेही आयरा आणि त्याच्याच घरात राहणारा लिओ, दोघांकडून. आयरा लिओला कळूच देत नाही आणि जॉर्जला थाप मारून लिओचा पत्ता परस्पर कापतो. या धंद्यातली चुरस त्या एका थापेत आहे. समीक्षकांचा नेमका तिथे डोळा लागला असावा.

दुसऱ्यासाठी विनोद लिहिणं म्हणजे चार ओळी खरडून हातात ठेवणं नव्हे. मित्रांकडे सोफ्यावर झोपणाऱ्या पोराचा कडकीवरचा जोक बंगल्यात राहणाऱ्या स्टारच्या तोंडी घातला, तर लोक हसत नाहीत, चिडतात. म्हणून आधी दुःख बदलावं लागतं: खिशात पैसा नाही हे काढून, एवढ्या मोठ्या घरात बोलायला कोणी नाही हे घालायचं. मग सेटअप, म्हणजे हशाआधीची प्रस्तावना, छाटायचा. ज्या माहितीशिवायही पंच (हशाची ओळ) कळतो, ती सगळी बाहेर. हशाचा शब्द शक्यतो अगदी शेवटी. मराठीत इथेच घोळ होतो. वाक्याच्या शेपटाला ‘होता’ नाहीतर ‘आहे’ लटकतं, हशा आधीच फुटतो आणि कलाकार उरलेलं वाक्य त्या गोंगाटात संपवत बसतो. मुरलेला लेखक क्रियापद आधी उरकतो, नाहीतर सरळ गाळतो. हशा ओसरू लागला की त्याच सेटअपवर तीन-चार शब्दांची पुस्ती, म्हणजे टॅग. नवी माहिती न देता दुसरा हशा मिळतो, म्हणून टॅग लिहिणाऱ्याला मागणी जास्त. नवा जोक सुरुवातीला किंवा शेवटी ठेवत नाहीत, दोन हुकमी जोकच्या मध्ये दडवतात. पडला तरी अख्खा कार्यक्रम पडत नाही. ओपन माइकचं (जिथे कुणीही स्टेजवर जाऊन जोक आजमावतो) रेकॉर्डिंग घरी ऐकायचं आणि लोक पंचच्या आधीच हसले असतील तर तिथलंच वाक्य तोडायचं. दहातले दोन टिकले तरी पुष्कळ.

राहिलं तुमच्या लेखातलं ‘उत्तरार्ध फसला’ हे. प्रेमप्रकरण ताणलंय, मान्य. पण शेवटी जॉर्ज आयरा काम करतो त्या दुकानात येऊन बसतो आणि आयरासाठी लिहिलेले जोक त्याला ऐकवतो. विकत घेणारा लिहिणारा होतो, त्यावर अख्ख्या लेखात एक अक्षर नाही. दिग्दर्शक जड अ‍ॅपटाव यांनी स्वतः विनोदवीर गॅरी शँडलिंगसाठी लिहिलेलं आहे. पुढे अमेरिकी टॉक शो गाजवणारे लेटरमन आणि लेनो उमेदवारीच्या काळात विनोदी नट जिमी वॉकरला जोक लिहून देत. विनोदी कलाकार फिलिस डिलर यांच्या विनोदांची 50,000 हून अधिक कार्डं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवली आहेत, त्यात इतरांकडून विकत घेतलेले विनोदही आहेत. तिकडे कपाटात जागा मिळते, तुमच्याकडे कंसात मिळाली नाही.

जाता जाता एक. तुमच्या पान दोनवरच्या ‘हसा लेको’ चौकटीत रोज एक विनोद असतो, खाली लेखकाचं नाव कधीच नसतं. नुसतं ‘संकलित’. कुणी संकलित केले, कुठून केले, मानधन कुणाला गेलं, हे विचारणं बहुधा असभ्य ठरेल, म्हणून विचारत नाही. पण निदान विनोदाच्या मथळ्यातच पंच छापणं तेवढं थांबवा.

आपला,
एक वाचक, ठाणे