गल्ली तीच, फक्त जिना नको

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही मधेच फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. समोरच्या घरातला तळमजला मी भाड्याने घेतलाय, तुमच्यासाठी. डिपॉझिट देऊन झालं. चिडू नका, आधी पूर्ण वाचा.

माझ्याकडे राहायला या, असं आता परत म्हणणार नाही. मागच्या वेळी सहाव्याच दिवशी आई म्हणाली ना, "इथे कुणी भांडत पण नाही गं," तेव्हाच कळलं. गल्ली नाही सोडायची, फक्त जिना. ५२ पायऱ्या, त्यात वळणावर स्ट्रेचर फिरत नाही, काकांच्या वेळचं तुम्हीच सांगता. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरच अडते, लोकांच्या स्कूटर हलवेपर्यंत पाच मिनिटं, आणि हृदय बंद पडलं तर मेंदूकडे तेवढीच असतात. (घाबरवत नाहीये, ईसीजी छान आलाय, माहितीये.) त्यात उन्हाळा. छप्पर दिवसभर तापतं, भिंती रात्रभर ती गरमी सोडत बसतात आणि इतक्या चिंचोळ्या गल्लीतून ती लवकर निघत पण नाही. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली, बहुतेक वयस्कर, छपराखालच्या खोल्यांत धोका जास्त होता. वाचल्यापासून तुमचा तो खडखडणारा पंखाच दिसतोय मला.

खाली उजेड कमी आहे, खोटं कशाला बोलू. पण पाण्याला जोर आहे, आईला बादल्या भरून ठेवायला नकोत. दाराशी ओटा आहे, खिडकीतून ओरडून गप्पा मारायची गरजच नाही, बाजाराला निघालेली प्रत्येक बाई तुझ्या हाती लागणार!

ती करकरणारी ४१वी पायरी आठवते? ती वाजली की मी पटकन पुस्तक उघडून बसायचे. बाबा, तुम्हाला माहीत होतं ना? तिथे मुद्दाम थांबायचात ना जरा?

बरं, आता ऐका. ट्रंकेला हात लावायचा नाही, शनिवारी मी माणसं घेऊन येतेय. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीय, तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे नाहीत. रात्री छोटा दिवा चालू ठेवायचा. ते सरकणारं पायपुसणं टाकून दे आई, टाक म्हणजे टाक.

वरची खोली आहे तशीच राहील. किल्ली आईकडे. बाबांकडे नाही.

तुमची,
छकुली