रिसेटला हात लावू न देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना सा. न.

पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर मी हिशेबाला होतो. द्राक्षं गार करणाऱ्या प्री-कूलिंगचा कॉम्प्रेसर बंद पडला की मालकापासून पेट्या उचलणाऱ्यांपर्यंत सगळे तुमच्या स्कूटरची वाट बघत बसायचे. एप्रिलनंतर मला वह्या चाळण्यापलीकडे काम नसे. तिशी उलटल्यावर इलेक्ट्रिशियन व्हावं का, हे घरात बोलायच्या आधी मी तुम्हाला विचारलं. धीरबीर काही दिला नाहीत. "आयटीआयला वयाची वरची अट नाही. दहावीला गणित-विज्ञान होतं ना? मग फॉर्म भर."

नाशिकला सातपूरच्या आयटीआयची दोन वर्षं हिच्या पगारावर निघाली. तिचे आभार घरीच मानतो, जाहीर मानले तर चिडेल. तुमचे मात्र जाहीरच मानायचे आहेत, ते सिडकोतल्या गच्चीवरच्या रविवारांसाठी. जुन्या पॅनलमधला स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू करून मग डेल्टात पूर्ण व्होल्टेजवर नेणारा, खोलून ठेवलेला असायचा आणि तुम्ही स्क्रूड्रायव्हरच्या आधी पेन्सिल द्यायचात. आधी मोटरला वीज नेणारं पॉवर सर्किट कागदावर काढ, मग ते चालू-बंद करणारं कंट्रोल. स्टारमध्ये वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात, लाइनचा करंट एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही, म्हणजे मोटरची फिरवायची ताकदही, तेवढाच उतरतो. म्हणून भरल्या लोडवर सुटणाऱ्या मशीनला हा स्टार्टर चालत नाही. एवढं वर्गातही शिकवलं होतं. पण स्टार आणि डेल्टाचे कॉन्टॅक्टर, म्हणजे सप्लाय जोडणारे चुंबकी स्विच, एकदम ओढले गेले तर तिन्ही फेज शॉर्ट होतात, मग दोन्ही एकदम लागू न देणारा इंटरलॉक कुठे हवा, हे कागदावर दाखवल्याशिवाय तुम्ही एकही वायर जोडू दिली नाहीत.

आणि तो रिसेट! मोटर जास्त करंट ओढू लागली की तिला बंद करणारा ओव्हरलोड रिले ट्रिप झाला, की बोट आपसूक त्याच्या रिसेट बटणाकडे जातं. तुम्ही मनगट धरून विचारायचात, "का झाला ट्रिप?"

आता अंबडला मेंटेनन्सला आहे. मशीन थांबलं की प्रॉडक्शनवाले मागे येऊन उभे राहतात: "रिसेट मारा ना, माल अडकलाय." मध्यंतरी एका पंपाचा ओव्हरलोड असाच ट्रिप झाला. आधी मीटर लावला, तर एका फेजचा फ्यूज उडालेला. तसाच पुन्हा पुन्हा चालू केला असता तर दोन फेजवर वाइंडिंग जळायला वेळ लागला नसता. फ्यूज का उडाला, हे शोधेपर्यंत बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली.

तुमचं एकच म्हणणं मला पटत नाही. मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हला तुम्ही अजून 'डबा' म्हणता. आमच्या नव्या मशीनवर तोच आहे. फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज हळूहळू वाढवतो, मोटर झटका न देता सुटते, फॉल्ट आला तर स्क्रीनवर कोड येतो. सप्लाय बंद केल्यावरही आतले कपॅसिटर काही मिनिटं चार्ज असतात, त्यामुळे थांबून, डीसी व्होल्टेज मोजून मगच हात घालायचा. एकदा येऊन बघा तरी. या महिन्यात फर्स्ट शिफ्टला आहे, गेटपास काढून ठेवतो.